स्वमग्न मुलांचा आहार आणि वर्तन

मनाचा आणि अन्नाचा निकटचा संबंध आहे, ही कल्पना भारतीय वाचकाला नवी नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मन हे अन्नमय आहे असे सांगतो आणि ते पटावे म्हणून त्याला एक साधा प्रयोग करावयास लावतो. श्वेतकेतू पंधरा दिवस अन्नावाचून केवळ पाण्यावर राहतो. त्यानंतर पाठ असलेल्या ऋचा त्याला आठवत नाहीत. तो पुन्हा जेवू लागतो आणि सारे आठवते. कथेतील तत्त्वज्ञान क्षणभर बाजूला ठेवले तरी तिच्यातील पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. अन्न काढून घेऊन परिणाम पाहिला. तेथेच न थांबता अन्न परत देऊन पुन्हा पाहिला. स्वमग्न मुलांच्या पथ्याहाराविषयी गेल्या अर्धशतकात जे दावे केले गेले, त्यांपैकी बहुतेकांत ही दुसरी पायरी गाळली गेली आहे.

स्वमग्नता, किंवा आता सर्वत्र रूढ झालेल्या शब्दात ऑटिझम, ही मेंदूच्या विकासातील एक अवस्था आहे. ती आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत दिसू लागते. मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर देत नाही, बोलू लागते ते उशिरा किंवा बोलतच नाही. एकच हालचाल ते पुन्हापुन्हा करते. दिनक्रमात जरासा बदल झाला तरी तो त्याला असह्य होतो. आवाज, स्पर्श, वास आणि चव यांची जाणीव पुष्कळदा इतरांहून फार तीव्र, तर कधी फार मंद असते. अनेक कारणांपैकी आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे आता निश्चित झाले आहे. भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात तिला स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि निदान झाल्यानंतर डॉक्टर जे सांगतात ते ऐकून घरी परतलेल्या आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, तो म्हणजे आता करावयाचे काय? वाचा, शिक्षण व वर्तन यांसंबंधीचे उपचार सावकाश गुण देतात आणि अनेक गावांत ते उपलब्धही नसतात. स्वयंपाकघर मात्र प्रत्येक घरात असते. पथ्याहाराचे आकर्षण येथून सुरू होते.

अन्नाचा प्रश्न या विषयाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्यांपैकी सहा मुलांना जन्मापासूनच अन्न घेण्याची तीव्र अडचण होती, अशी नोंद त्यांनी केली आहे. बाहेरचे जग बालकाच्या आयुष्यात प्रथम शिरते ते अन्नाच्या रूपाने, म्हणून बालक त्यालाच प्रथम नाकारते, असा अर्थ त्यांनी लावला. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशाच मुलांविषयी लिहिताना त्यांच्या चवीच्या टोकाच्या आवडीनिवडींचा उल्लेख केला. त्यांच्या पाहण्यातील मुलांना आंबट आणि झणझणीत पदार्थांची ओढ होती. या दोन्ही नोंदी जवळजवळ चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिल्या, कारण मध्यंतरी दोष आईच्या माथी मारला गेला. आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते, या मताचा ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ मधील आपल्या पुस्तकातून मोठा प्रसार केला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच या मताचे खंडन केले होते. हा विकार शरीराचा, मेंदूचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याने असंख्य मातांच्या डोक्यावरील ओझे उतरले. मात्र विकार शरीराचा असेल तर शरीरात जाणाऱ्या पदार्थांनी तो बरा करता येईल, ही आशाही त्याबरोबरच आली. आणि स्वतः रिमलँड पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचे पुरस्कर्ते झाले.

एक खरे पथ्य

ही आशा निराधार होती असे म्हणता येणार नाही. पथ्याने वर्तन पालटते याचे एक निर्विवाद उदाहरण वैद्यकात आहे आणि ते सविस्तर पाहणे उपयुक्त ठरेल.

नॉर्वेमध्ये १९३४ साली एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन ऑस्लो येथील डॉ. आस्ब्यॉर्न फॉलिंग यांच्याकडे आली. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, ही तिची तक्रार होती. इतर डॉक्टरांनी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीची तपासणी केली. फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली. प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलनीन या घटकाचे पचनानंतर जे रूपांतर व्हावयास हवे ते या मुलांच्या शरीरात होत नव्हते आणि तो घटक साठून मेंदूला हानी पोहोचवीत होता. फिनाइलकीटोन्यूरिया या नावाने हा आनुवंशिक विकार आज ओळखला जातो. उपचार न झालेल्या अशा मुलांपैकी काहींचे वागणे स्वमग्न मुलांसारखेच दिसते.

त्यावर उपाय सापडण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील रुग्णालयात डॉ. होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर अशीच एक लहान मुलगी होती. तिला उभे राहता येत नसे. ती सतत रडे आणि डोके आपटून घेई. तिच्या आईने उपायाचा ध्यास घेतला आणि डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही. अखेर दुधातील केसीन या प्रथिनावर प्रक्रिया करून, त्यातील फिनाइलअ‍ॅलनीन काढून टाकून, तिच्यासाठी खास अन्न तयार करण्यात आले. काही महिन्यांत ती रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे डोळे चमकदार झाले, केसांचा रंग गडद झाला, डोके आपटणे आणि रडणे थांबले.

येथवरची हकीकत ऐकून कोणीही म्हणेल की पथ्याचा गुण सिद्ध झाला. बिकेल यांना तसे वाटले नाही. मूल वाढते तसे ते आपोआपही सुधारू शकते, ही शंका त्यांना होती. म्हणून त्यांनी आईला न सांगता तिच्या अन्नात तो घटक पुन्हा मिसळला. थोड्याच दिवसांत मुलगी मिळवलेले सारे गमावू लागली, आणि आई धास्तावून तक्रार घेऊन आली. मग हाच प्रयोग आईला सांगून रुग्णालयात पुन्हा करण्यात आला. आज असा प्रयोग संमतीवाचून कोणी करू शकणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानंतर वादाला जागा उरली नाही. आधी झालेली हानी मात्र त्या मुलीच्या बाबतीत पूर्णपणे भरून आली नाही. म्हणूनच जन्मानंतर लगेच टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखण्याची पद्धत १९६० नंतरच्या काळात अनेक देशांत सार्वत्रिक झाली. भारतात सर्व नवजात बालकांची अशी तपासणी अद्याप सरसकट होत नाही.

असे विकार विरळा असतात. स्वमग्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुसंख्य मुलांत चयापचयाचा असा दोष सापडत नाही.

गहू आणि दूध

स्वमग्न मुलांसाठी सर्वाधिक सुचवले गेलेले पथ्य म्हणजे गव्हातील ग्लूटेन आणि दुधातील केसीन ही दोन प्रथिने पूर्णपणे वर्ज्य करणे. या कल्पनेचा उगम अनेक धाग्यांतून झाला. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये दाखवून दिले की सीलियाक नावाच्या आतड्याच्या विकारास गहू कारणीभूत आहे. अमेरिकेतील कर्टिस डोहान यांनी १९६६ मध्ये असे मांडले की दुसऱ्या महायुद्धात जेथे गहू दुर्मिळ झाला तेथे छिन्नमानसाच्या रुग्णांची रुग्णालयात दाखल होण्याची संख्या घटली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे मेंदू स्वतःच अफूसदृश द्रव्ये तयार करतो, हा शोध लागला. १९७९ मध्ये गहू व दूध यांच्या प्रथिनांचे प्रयोगशाळेत पचन केल्यास त्यांच्या तुकड्यांतही तसे अफूसदृश गुण आढळतात, असे दिसून आले. त्याच वर्षी याक पँकसेप यांनी एक तर्क पुढे केला. अफूजन्य द्रव्याची अगदी थोडी मात्रा दिल्यास प्राण्यांची पिले आईपासून दूर केल्यावरही रडत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. एकटेपणाचे दुःख न होणारे हे पिलू आणि माणसांची ओढ नसलेले स्वमग्न मूल यांत त्यांना साम्य दिसले. नॉर्वेतील कार्ल रायशेल्ट यांनी हे सारे धागे एकत्र आणले. स्वमग्न मुलांचे आतडे पाझरते असावे, त्यातून प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे रक्तात आणि तेथून मेंदूत जात असावेत, आणि मूल जणू अफूच्या अमलाखाली वावरत असावे, असे त्यांचे मत होते.

उपपत्ती म्हणून ही मांडणी आकर्षक आहे, यात शंका नाही. तिच्यातील प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे शक्य कोटीतील होता. परंतु दुव्यांची साखळी तपासली गेली तेव्हा ती तुटली. २००८ मध्ये लंडनच्या एका संशोधक गटाने ६५ स्वमग्न मुलगे आणि १५८ इतर मुले यांच्या लघवीची अधिक अचूक उपकरणांनी तपासणी केली. अपेक्षित अफूसदृश तुकडे त्यांना एकाही गटात आढळले नाहीत.

अर्थात उपपत्ती चुकीची असूनही उपाय लागू पडू शकतो. वैद्यकाच्या इतिहासात तसे अनेकदा घडले आहे. म्हणून पथ्याची प्रत्यक्ष चाचणी महत्त्वाची. नॉर्वेत २००२ मध्ये वीस मुलांच्या अभ्यासात वर्षभर पथ्य पाळणाऱ्या दहा मुलांत सुधारणा दिसली. डेन्मार्कमधील ७२ मुलांच्या २०१० च्या अभ्यासातही काही बाबतींत गुण आला. परंतु दोन्ही ठिकाणी आपले मूल पथ्यावर आहे हे आईवडिलांना माहीत होते, आणि डेन्मार्कमध्ये अनेक कुटुंबे मध्येच गळाली. फ्लॉरिडामध्ये २००६ साली वेगळी योजना केली गेली. मुलांचे सर्व जेवण संशोधकांनीच घरपोच पाठविले. सहा आठवडे पथ्याचे, सहा आठवडे नेहमीचे. कोणते केव्हा, हे ना पालकांना ठाऊक, ना मुलांचे निरीक्षण करणाऱ्यांना. दोन्ही काळांत फरक आढळला नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे तर बिकेल यांच्यासारखीच, पण पालकांच्या संमतीने, परतीची चाचणी झाली. लहान मुलांना प्रथम काटेकोर पथ्यावर ठेवले आणि मग आठवड्यातून एकदा कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, तर कधी काहीच नसलेला पदार्थ ओळखू न येईल असा देण्यात आला. झोप, शौच, चळवळेपणा आणि वर्तन यांच्या नोंदी ठेवण्यात आल्या. कोणत्या दिवशी काय दिले होते हे शेवटी उघड केले, तेव्हा नोंदींचा आणि अन्नाचा मेळ बसला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चौदा मुलांनीच शेवट गाठला. संख्या लहान आहे, आणि एखाद्या विशिष्ट मुलाला गुण येणारच नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु पथ्य हा स्वमग्नतेवरील उपचार आहे, असे सांगण्यास आधार उरत नाही.

मग हजारो आईवडील गुण आला असे सांगतात, ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. फ्लॉरिडातील काही पालकांनाही मुलात स्पष्ट सुधारणा जाणवली होती, आणि निष्कर्ष समजल्यानंतरही त्यांना पथ्य चालू ठेवावेसे वाटले. अमेरिकेत १९९४ मध्ये झालेला एक प्रयोग या संदर्भात उद्‌बोधक आहे. साखर खाल्ल्यावर आपला मुलगा अनावर होतो असे मानणाऱ्या ३५ मातांपैकी निम्म्यांना, मुलाला आता साखर दिली आहे, असे सांगण्यात आले. वस्तुतः कोणालाच साखर दिली नव्हती. तरी त्या मातांना आपली मुले अधिक चळवळी दिसली. अपेक्षा डोळ्यांवर असा परिणाम करते, आणि ती कोणाच्याही डोळ्यांवर करते. डॉक्टर त्याला अपवाद नाहीत. सिक्रेटीन या पाचक संप्रेरकाची हकीकत याहून बोलकी आहे. तीन मुलांना गुण आल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध होताच अमेरिकेत त्याची मागणी प्रचंड वाढली. १९९९ मध्ये साठ मुलांपैकी निम्म्यांना सिक्रेटीन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचण्यात आले. दोन्ही गटांतील मुले सारखीच सुधारली. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी त्या औषधात रस असल्याचे कळविले.

याखेरीज साधी कारणेही आहेत. स्वमग्न मूलही वाढते आणि शिकते. कधी महिनोन्‌महिने काही नाही आणि मग एकाएकी शब्द येऊ लागतात. पथ्य सहसा सुरू होते ते परिस्थिती सर्वांत वाईट असताना, आणि सर्वांत वाईट काळानंतर थोडा बरा काळ बहुधा येतोच. त्याच सुमारास शाळाही सुरू झालेली असते. श्रेय मात्र ज्यासाठी सर्वाधिक कष्ट घेतले त्याला दिले जाते.

कृत्रिम रंगांविषयीचा समज याच्याशी नेहमी मिसळला जातो. कॅलिफोर्नियातील डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७० नंतरच्या दशकात तो मांडला, पण तो चंचल मुलांविषयी होता. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे सर्वसाधारण मुलांत काही रंगांमुळे चळवळेपणा किंचित वाढतो असे आढळले, आणि युरोपात २०१० पासून अशा पदार्थांच्या वेष्टनावर सूचना छापणे बंधनकारक झाले. रंगीत गोळ्या आणि पेये कमी केल्याने कोणत्याच मुलाचे नुकसान होत नाही. स्वमग्नतेशी त्यांचा संबंध जोडण्याचे मात्र कारण नाही.

पथ्याची किंमत

निरुपद्रवी असेल तर करून पाहण्यास काय हरकत, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. हरकत आहे, आणि ती मुलाच्या ताटातच दिसते. स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाच पट आढळतात. एखादे मूल केवळ पांढरे पदार्थ खाते. दुसऱ्याला भातावर वरण पडलेले चालत नाही. ते वेगळ्या वाटीत हवे. तिसरे एकाच कारखान्याची बिस्किटे खाते आणि वेष्टनाचा रंग बदलला तरी तोंड फिरवते. हा हट्ट नव्हे. भाजीतील मऊ फोडीत मध्येच लागणारी कडक शीर इतरांना जाणवतही नाही. त्या मुलाला ती खड्यासारखी लागते. अशा मुलाचे सारे पोषण दूध, पोळी आणि बिस्किटे यांवर चालले असेल, तर या पथ्याने त्याचे ताट रिकामे होते. पर्यायी पिठाची पोळी दिसावयास, वासाला आणि चावावयास निराळी. ती तो स्वीकारील याची शाश्वती नाही. वजन घटते, रडणे वाढते, आणि ते वाढलेले रडणे पथ्य अधिक कडक करण्याचे कारण ठरते.

दूध बंद झाल्यावर कॅल्शियम कोठून येणार, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेत २००८ मध्ये चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांची हाडे अपेक्षेहून बारीक आढळली, आणि दूध वर्ज्य केलेल्यांची अधिकच. शाकाहारी भारतीय घरात तर दूध व दही हे मुलाच्या ब१२ जीवनसत्त्वाचेही मुख्य साधन असते.

प्रदेशानुसार अडचण बदलते. पंजाब, हरियाणा किंवा पश्चिम उत्तर प्रदेशात गहू आणि दूध म्हणजे जवळजवळ संपूर्ण जेवण. दक्षिणेत आणि पूर्वेत भातामुळे, दख्खनच्या पठारावर ज्वारी, बाजरी व नाचणीमुळे गहू टाळणे सोपे जाते. महागडी परदेशी पिठे विकत घेण्याची तेथे काहीच आवश्यकता नाही. नाचणीत इतर धान्यांच्या मानाने कॅल्शियम पुष्कळ असते, मात्र दुधाची बरोबरी ती पूर्णपणे करीत नाही. तरीही पथ्य काटेकोर पाळणे जितके वाटते तितके सोपे नसते. बाजारातील डबीबंद हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि हिंग फोडणीत, लोणच्यात, पापडात सर्वत्र असतो. माल्टयुक्त पेयांची पूड जवापासून बनते. देवळातील पेढा, शेजारणीने प्रेमाने दिलेला लाडू, आजोबांनी खिशातून काढलेले बिस्किट, या सर्वांवर पहारा ठेवावा लागतो. त्या रात्री मूल झोपले नाही की घरात चौकशी सुरू होते की त्याला काय दिले, कोणी दिले, आणि आईचे लक्ष कोठे होते. मायेत उणीव म्हणून एका पिढीतील मातांना दोषी धरले गेले. पुढच्या पिढीला ते स्वयंपाकातील उणिवेसाठी सोसावे लागले.

आतड्यातील जंतूंविषयी अलीकडे जे बोलले जाते त्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. स्वमग्न मुलांच्या आतड्यातील जंतूंत विविधता कमी असते, म्हणून विकाराचे मूळ तेथे असावे, असा तर्क होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथील संशोधकांनी २४७ मुलांचा अभ्यास करून २०२१ मध्ये उलट दिशा दाखविली. स्वमग्न मूल मोजकेच पदार्थ खाते, आणि मोजक्या पदार्थांमुळे जंतूंतील विविधता घटते, असे त्यांना दिसले. कारण आणि कार्य यांची अशी अदलाबदल या विषयात वारंवार झाली आहे.

अन्नाचा खरा वाटा

अन्न आणि वर्तन यांचा संबंधच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याचे पोट दुखले तर ते सांगणार कसे? ते डोके आपटते, स्वतःचा हात चावते, पोट टेबलाच्या कडेवर दाबून धरते, रात्री किंचाळत उठते. घरातील माणसे म्हणतात, त्याचे वागणे बिघडले. कारण पुष्कळदा आठवडाभर साचलेले बद्धकोष्ठ किंवा घशाशी येणारे आम्ल असते. त्यावर उपचार झाला की ते वागणे निवळते. २०१० मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने याच मुद्द्यावर भर दिला. स्वमग्न मुलाच्या वर्तनात अचानक बदल झाल्यास प्रथम शारीरिक दुखणे शोधावे, असा त्यांचा सल्ला आहे.

दुधाने पोट फुगते आणि जुलाब होतात अशी मुलेही असतात. त्याचे कारण बहुधा केसीन नसून दुधातील साखर, लॅक्टोज, हे असते. भारतात, विशेषतः दक्षिणेत, ती न पचणारे लोक पुष्कळ आहेत. अशा मुलाला दही आणि ताक सहसा चालते. काही मुलांना खरोखरच सीलियाक विकार असतो. उत्तर भारतात त्याचे प्रमाण शंभरांत एक इतके आढळले आहे. त्या मुलांना गहू जन्मभर वर्ज्य करावा लागतो, स्वमग्नता असो वा नसो.

उणिवांची गोष्ट तर अधिकच महत्त्वाची. फळ किंवा भाजी मुळीच न खाणारी काही स्वमग्न मुले चालावयाची थांबली, आणि तो वर्तनाचाच भाग समजून बराच काळ दुर्लक्ष झाले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत अनेक आहेत. त्यांना स्कर्व्ही झाला होता. क जीवनसत्त्व देताच ती पुन्हा चालू लागली. अ जीवनसत्त्वाच्या अभावी दृष्टी गमावल्याचीही उदाहरणे आहेत. रक्तातील लोह कमी असेल तर झोप अस्वस्थ होते. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचे लोह आणि शिसे दोन्ही तपासून घ्यावयास हवे. स्वमग्नतेबरोबर अपस्मारही असलेल्या काही मुलांना डॉक्टर स्निग्ध पदार्थांचे प्रमाण फार वाढविलेला आहार देतात; तो अपस्मारावरील मान्य उपचार आहे आणि रुग्णालयाच्या देखरेखीवाचून देण्याजोगा नाही.

ताट वाढविण्याचे काम पथ्यापेक्षा संथ आणि कमी आकर्षक असते. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, मधल्या वेळी दूध आणि बिस्किटांनी भूक मारू नये, आणि ताटात मुलाला मान्य असलेला पदार्थ नेहमी असावा. नवा पदार्थ आधी केवळ शेजारी ठेवावयाचा, पुढे त्याला हात लागला तरी पुरे, मग वास, मग जिभेला स्पर्श, मग वाटाण्याएवढा घास. मान्य पदार्थापासून एकेक पाऊल दूर जावे. पांढऱ्या इडलीनंतर किंचित गाजर मिसळलेली इडली, ताज्या दहीभातानंतर एक दाणा डाळिंब. जबरदस्तीने भरवलेला घास आदल्या महिन्याची मिळकत बुडवतो. एका पदार्थाला कित्येक आठवडे लागू शकतात.

इतके समजून घेऊनही काही आईवडील पथ्य करून पाहतील, आणि त्यांना त्यापासून केवळ उपदेशाने परावृत्त करता येणार नाही. त्यांनी गहू बंद करण्याआधी सीलियाकसाठी रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू थांबविल्यानंतर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. गहू आणि दूध एकदम बंद करू नये. एका वेळी एकच. त्या काळात नवे औषध किंवा नवी शाळा सुरू करू नये. काय मोजावयाचे ते आधी लिहून ठेवावे; बरा वाटतो, शांत वाटतो, असे शब्द उपयोगाचे नाहीत. रात्री किती तास झोपला, शौचास किती दिवसांनी झाले, दिवसात किती वेळा डोके आपटले, हे पथ्यापूर्वी दोन आठवडे आणि नंतर रोज वहीत मांडावे. शक्य असल्यास शाळेतील बाईंना पथ्याविषयी न सांगता त्यांनाही अशीच नोंद ठेवावयास सांगावे. वजन दर पंधरवड्याला करावे, आणि ते घटू लागल्यास मुदतीपूर्वीच थांबावे. मुदत आरंभीच ठरवावी. दोन-तीन महिने पुरेसे आहेत. ती संपली की पदार्थ परत द्यावा आणि वही चालूच ठेवावी. दोन्ही वेळच्या आकड्यांत फरक दिसला नाही तर तो पदार्थ ताटात कायम राहू द्यावा. दोन्ही पदार्थ आधीपासूनच बंद असतील तर दूध आधी सुरू करावे आणि गहू नंतर.